रिकाम्या पिकअपने दरेकसा

आमगाव सोडलं तेव्हा झिमझिम चालू होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना रोवणीची धांदल. बांध्यांत घोटाभर पाण्यात बाया रांगेने वाकून पऱ्हे लावत होत्या, धुऱ्यांवर छत्र्या आणि डबे ठेवलेले होते. पुढच्या बांधीत ट्रॅक्टर चिखलणी करत होता. गोंदिया जिल्ह्याचा हा पूर्वेचा कोपरा पाहायचा तर याच दिवसांत पाहावा. धानाचा हा हिरवा रंग पुढे पंधरा दिवसांनी असा राहत नाही.

मला जायचं होतं सालेकसा आणि तिथून दरेकशाच्या हाजरा फॉलला. बसची वाट पाहण्यापेक्षा युरियाची पोती घेऊन सालेकशाला निघालेल्या एका बोलेरो पिकअपमध्ये जागा मिळाली. मागे तीस पोती, एकेक 45 किलोचं, म्हणजे साडेतेरा क्विंटल माल. गाडी ओल्या डांबरावरून अगदी निवांत चालली होती. वळणावर ना झोल, ना धक्का. मी तसं म्हटल्यावर चालकभाऊ हसले.

"भरली गाडी बिनघोर असते भाऊ. सालेकशात माल उतरू द्या, मग पाहा."

सालेकसा हे तालुक्याचं गाव, हावडा-मुंबई रेल्वेमार्गावरचं. पलीकडे छत्तीसगड सुरू होतं, म्हणून बाजारात मराठी, हिंदी, छत्तीसगढी आणि गोंडी एकाच दुकानासमोर ऐकू येतात. पोती उतरली, चहा झाला. निघण्याआधी भाऊंनी दुकानामागून रेतीने भरलेली चार पोती आणवली आणि मागच्या चाकांच्या बरोबर वर, हौद्यात आडवी लावून दोरीने आवळली. हे काहून, असं विचारलं तर म्हणाले, "मागं वजन पायजे ना! ढकलणारी चाकं मागं, अन् इंजन समोर."

सगळं शास्त्र या एका वाक्यात आलं. पिकअप, बोलेरो, छोटा हत्ती, इको, काळीपिवळीवाल्यांची ट्रॅक्स, या सगळ्यांची ताकद मागच्या चाकांना जाते. माल भरलेला असला की तोच भार मागची चाकं रस्त्यावर दाबून धरतो. माल उतरला की इंजिनाचं वजन पुढे आणि मागे नुसता पत्र्याचा हौदा. जड मालासाठी बनवलेले कडक पाटे रिकाम्या गाडीत दबत नाहीत, खड्ड्यागणिक मागची चाकं उडतात. 1983 मध्ये मारुती 800 आली तेव्हापासून शहरातल्या बहुतेक मोटारी पुढच्या चाकांवर ओढल्या जातात. तिथे इंजिनाचं वजन ताकद लावणाऱ्या चाकांवरच असतं आणि पकड सुटली तर गाडी वळायची सोडून नाकासमोर सरकते. मागच्या चाकांवर चालणारी गाडी सुटली की शेपूट फिरवते. पुढच्या चाकांच्या गाडीवर हात बसलेला माणूस अशा वेळी गोंधळतो.

सालेकशाच्या पुढे रान दाट होतं, रस्ता वर-खाली होऊ लागतो आणि रेल्वे सोबतीला असते. एका उतारावर, वळणाच्या तोंडाशी, बांधीतून नुकताच ट्रॅक्टर बाहेर निघाला होता. डांबरावर चिखलाचे दोन पट्टे पसरलेले, त्यावर पावसाचं पाणी. चाळीसच्याही आतला वेग होता, तरी मागचा भाग डावीकडे सुटला. हौद्यात पोती असूनही सुटला. मी समोरची दांडी धरली. भाऊंनी ब्रेकला पाय लावला नाही. ॲक्सिलेटर हलकेच सोडला, शेपूट ज्या बाजूला चाललं होतं त्याच बाजूला स्टिअरिंग थोडंसं वळवलं आणि गाडी सरळ होऊ लागताच तितक्याच चपळाईने परत आणलं. क्षणभराचं काम. वळणाच्या कडेला खोल नाली होती, ती मी नंतर पाहिली.

मग गाडी बाजूला घेऊन त्यांनी जे सांगितलं ते कुठल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी ऐकलेलं नाही. टायरकडे पकड ठरावीकच असते. ती पुढे ढकलण्यात खर्च झाली की आडवं सरकणं थांबवायला उरत नाही. ओल्या उतारावर घाईने खालचा गिअर टाकून क्लच सोडला तरी हेच होतं, कारण इंजिनाचा तो अडसर फक्त मागच्या चाकांना बसतो. गिअर उताराच्या आधीच घ्यायचा. एबीएस असलं तरी ते ब्रेकच्या वेळी चाक जाम होऊ देत नाही. गिअरमुळे किंवा जास्त रेसमुळे सुटलेली गाडी सावरणं हे त्याचं काम नव्हे.

आणि हे पाण्यावर तरंगणं नव्हतं. तीस पीएसआय हवा असलेला टायर साचलेल्या पाण्यावर तरंगायला ताशी नव्वदच्या आसपास वेग लागतो, झिजलेल्या टायरला कमी. ती भीती देवरीच्या महामार्गावर. इथे घसरतं ते चिखलावर, सायकलच्या दुप्पट वेगातही.

दरेकशाच्या अलीकडे मालगाडी चढावर दिसली. रेल्वेच्या इंजिनाला हीच अडचण असते: ओल्या रुळावर लोखंडी चाक जागच्या जागी फिरू लागतं. म्हणून इंजिनाखाली रेतीच्या पेट्या असतात, चालक रुळावर चाकांपुढे रेती सोडतो. आमच्या हौद्यातही रेतीच होती, वजनासाठी आणि प्रसंगी चाकाखाली टाकण्यासाठी. तो प्रसंगही आलाच. समोरून एसटी आली, तिला वाट देताना आमचं डावं मागचं चाक साइडपट्टीच्या गाळात गेलं. ते गरगरा फिरत राहिलं आणि डांबरावरचं उजवं चाक ढिम्म. साध्या डिफरन्शियलमुळे जोर नेमका हलक्या, घसरणाऱ्या चाकाकडेच वाया जातो. भाऊंनी रेस वाढवली नाही. एक पोतं फोडलं, रेती चाकापुढे पसरली, वर पळसाच्या फांद्या टाकल्या आणि दुसऱ्या गिअरवर अलगद गाडी काढली.

हाजरा फॉल भरून वाहत होता. कड्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज झाडीतूनच ऐकू येतो आणि जवळ गेल्यावर अंगावर तुषार येतात. पावसाळ्यात इथे गोंदिया, नागपूर, डोंगरगडकडून गाड्यांची रीघ लागते. माघ पौर्णिमेला जवळच्या कचारगडच्या यात्रेला लाखो गोंड भाविक येतात तेव्हा रस्ते कोरडे असतात. खरी कसोटी या दिवसांची आहे.

ट्रॅक्टरवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. केजव्हील लावून डांबरावर येऊ नका, आणि बांधीतून रस्त्यावर चढण्याआधी चाकांचा चिखल फावड्याने खरडून टाका. रस्त्यावर पडलाच तर तेवढा तुकडा ओढून काढा. आणि रिकामी पिकअप किंवा बोलेरो घेऊन इकडे येणाऱ्यांनी निघण्याआधी मागचे टायर पाहावेत. नक्षी 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी झालेली असेल तर त्या टायरवर ही गाडी कायद्यानेही रस्त्यावर आणता येत नाही.