चिरुटांची ओल

सिगारला मराठीत चिरूट म्हणतात, आणि हा शब्द आमच्या मुलखातून गेलेला आहे. तमिळमध्ये सुरुट्टु म्हणजे गुंडाळणे, वळणे. वळून केलेली वस्तूही सुरुट्टुच. पोर्तुगीज आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचे रूप बदलले आणि फिरत फिरत तो मराठीत चिरूट होऊन आला. तंजावूरच्या आमच्यासारख्या घरांत ओसरीवर तमिळ आणि माजघरात मराठी अशी भाषांची वाटणी असते. अप्पा त्याच वस्तूला रस्त्यावर सुरुट्टु म्हणतात आणि उंबऱ्याच्या आत चिरूट.

वस्तू मात्र तंजावूरची नाही, तिरुचिरापल्लीची. इथून पश्चिमेला सुमारे ५५ किलोमीटर. त्या शहरातला उरैयूर हा भाग एकेकाळी चोळांची राजधानी होता. पुढे तो हातमागाच्या साड्यांसाठी आणि चिरुटांसाठी ओळखला जाऊ लागला. इंग्रजी अमदानीत ‘त्रिचनापल्ली’ एवढेच म्हटले तरी चिरूट समजायचे. १८८७ साली आलेल्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ या पहिल्याच होम्सकथेत शेरलॉक होम्स जमिनीवरची राख पाहून सांगतो की खुनी त्रिचनापल्ली ओढत होता. चर्चिलसाहेबांनाही इथूनच माल जायचा, असे उरैयूरमध्ये आजही अभिमानाने सांगतात.

क्यूबाच्या सिगारचे एक टोक बंद असते, ओढण्याआधी ते कापावे लागते. चिरूट दोन्ही टोकांना सरळ छाटलेला. पेटवला की झाले. साधा, स्वस्त, ताजा ओढून संपवायचा माल. तो जपून ठेवायला कुणी खास पेटी करत नाही. मी केली, कारण आमच्याकडचे चिरूट संपवायचे कुणी, हेच ठरत नव्हते.

अप्पा आता ८३ वर्षांचे आहेत. रात्रीच्या जेवणानंतर तिण्णैवर बसून एक चिरूट, हा त्यांचा पन्नासेक वर्षांचा नेम. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी फुप्फुसांचे चित्र दाखवले आणि नेम बंद झाला. त्याच सुमारास उरैयूरचे ते गृहस्थ, ज्यांच्या हातचेच चिरूट अप्पा घ्यायचे, थकले. हाताला कंप सुटला तसा त्यांनी पाट आवरला आणि शेवटच्या दोन जुड्या आमच्याकडे पाठवून दिल्या. पन्नास चिरूट. अप्पांना ते ओढता येत नव्हते, आणि कुणाला देऊन टाकवतही नव्हते. रोज रात्री जुडी उघडायची, वास घ्यायचा, पुन्हा बांधायची. कत्तिरीचे, म्हणजे मे महिन्यातले ऊन लागल्यावर वरचे पान बोटाखाली करकरू लागले. तेव्हा मी ह्युमिडॉरच्या नादी लागले.

तत्त्व सोपे आहे. वळलेले तंबाखूचे पान मेलेले असले तरी हवेतली ओल घेते आणि सोडते. हवा कोरडी असेल तर पान तडकते आणि त्यातली सुगंधी तेले उडून जातात. फार दमट असेल तर बुरशी धरते. सिगारच्या पुस्तकी नियमाप्रमाणे सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्के हवी आणि तापमान १८ ते २० अंश. बुरशीचे राज्य ७० टक्क्यांच्या थोडे पुढेच सुरू होते. म्हणजे चिरूट चांगला राहतो तो नासण्याच्या अगदी कुंपणाशी.

पेटीला आतून स्पॅनिश सीडर लावतात. नाव सीडर असले तरी ते देवदाराच्या जातीचे नाही. ते निंबाच्या कुळातले अमेरिकी झाड आहे. देवदाराचा राळेचा उग्र वास तंबाखूला बाधतो. निंबाच्याच कुळातला आपल्याकडचा जवळचा नातेवाईक म्हणजे तूण, तमिळमध्ये संदनवेम्बु, चंदनी निंब. आमच्या सुताराने बाहेरून फणसाचे लाकूड घेतले, कारण वीणेच्या या गावात चांगले मुरलेले लाकूड म्हटले की फणसच पुढे येतो. आतून मी तुणीच्या पातळ फळ्या लावून घेतल्या. खिळा नाही, रंग नाही, आतून पॉलिश तर मुळीच नाही. झाकण नीट बसते की नाही हे पाहायला त्यात दहाची नोट धरून ओढायची. अडखळली तर ठीक. तिसऱ्यांदा रंधा मारल्यावर अडखळली.

नवे लाकूड तहानलेले असते. त्यात लगेच चिरूट ठेवले तर ते चिरुटांचीच ओल पिऊन टाकते. ओल्या फडक्याने पुसून काढायची घाई केली तर फळी वाकण्याची भीती. म्हणून रिकाम्या पेटीत वाटीभर डिस्टिल्ड वॉटर ठेवायचे, आणि काटा स्थिर होईपर्यंत आठवडाभर थांबायचे. नळाचे पाणी नको. त्यातले क्षार मागे राहतात.

काटा म्हणजे हायग्रोमीटर, आणि स्वस्त हायग्रोमीटरवर विश्वास ठेवायचा नसतो. त्याची परीक्षा मीठ घेते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचे, ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घालायचे, आणि काट्यासोबत घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवायचे. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा नेहमी ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. माझा काटा ७१ दाखवत होता. तेव्हापासून मी त्यात चार मिळवून वाचते.

खरी अडचण तापमानाची. १८ अंश हा आकडा तंजावूरला डिसेंबरच्या पहाटेही सहसा भेटत नाही. आमच्या घरात सगळ्यात थंड जागा म्हणजे जाड भिंतीतला, मुट्रमपासून दूरचा खालचा कोनाडा. मे महिन्यात तिथेही २९-३० अंश. इथे पुस्तकी नियम तसाच्या तसा चालत नाही. २० अंशांवर ७० टक्के म्हणजे एक घनमीटर हवेत सुमारे १२ ग्रॅम पाणी; ३० अंशांवर तेच ७० टक्के म्हणजे २१ ग्रॅमच्या वर. उष्णता आणि ओल दोन्ही वाढल्या की बुरशीचे फावते. म्हणून मी काटा ६५ च्या आसपास ठेवते, आणि त्यासाठी ओल देणारी व जास्त झालेली शोषून घेणारी, ६५ च्या मापाची तयार पुडी वापरते. ऐन पावसाळ्यात, म्हणजे आमच्याकडे ऑक्टोबर ते डिसेंबर, ती पुडी ओल देण्यापेक्षा घेण्याचेच काम जास्त करते.

उष्णतेचा दुसरा धोका जिवंत आहे. तंबाखूचा भुंगेरा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, तपकिरी. त्याची अंडी पानात आधीच असू शकतात आणि उबेत फुटतात. अळी चिरुटाला टाचणीएवढी भोके पाडत जाते. निकोटीन त्याला बाधत नाही. तो हळद खातो, सुक्या मिरच्या खातो, आणि बांधणीच्या खळीपायी पुस्तकेही खातो. म्हणजे आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, राजवाड्याच्या आवारातल्या सरस्वती महालाचा आणि माझ्या पेटीचा शत्रू एकच.

नायकांच्या काळातला तो ग्रंथसंग्रह भोसले राजांनी, विशेषतः सरफोजीराजे दुसरे यांनी वाढवला. ताडपत्रे, कागदी पोथ्या, मोडी कागदांचे ढीग. कीड लागू नये म्हणून तिथे वेखंड, दालचिनी, मिरे, लवंग, कापूर यांच्या पुडीची पुरचुंडी ठेवायची जुनी रीत आहे. ती पुरचुंडी मला उसनी घेता येत नाही, कारण चिरूट शेजारच्या वस्तूचा वास पिऊन घेतो. महिन्याभरात त्याला मसाल्याच्या डब्याची चव येईल. कागदालाही ६५ टक्के चालत नाही, त्याला ५० च्या आसपास बरे वाटते. बृहदीश्वराच्या आवारात १८०३ साली कोरलेला भोसल्यांचा मराठी इतिहास आहे, त्या दगडाला यातले काहीच लागत नाही. प्रत्येक वस्तूचे जपणे वेगळे.

भुंगेऱ्यावर माझ्याजवळ एकच उपाय उरला: थंडी. चिरूट हवाबंद पिशवीत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये. सावकाश, नाहीतर वरचे पान फाटते. यावर आत्याने घर डोक्यावर घेतले. तिच्या फ्रिजमध्ये कांदासुद्धा वेगळ्या कप्प्यात असतो.

“दह्याशेजारी तंबाखू! अप्पाला ओढू देत नाही आणि फ्रिजला ओढायला देतेस?”

अप्पा मजेत होते. “कशाला गे एवढा खटाटोप? मला तर ओढायचे नाहीत.”

“वास घ्यायला लागतात ना?”

“वासाला दोन पुरतील.”

ते खरे होते. पेटी लागली, काटा ६५ वर बसला, पान पुन्हा मऊ झाले. आणि मग अप्पांनी चिरूट द्यायला सुरुवात केली. तिण्णैवर येणाऱ्या जुन्या सोबत्यांपैकी ज्याला अजून ओढायची मुभा आहे, त्याला एक. स्वतः वाऱ्याच्या उलट बाजूला बसतात. पाहुणा धूर सोडतो, अप्पा त्याला विचारतात, शेवटपर्यंत सारखा जळतो ना? बुडाशी कडू होत नाही ना? उत्तर ऐकून त्या वळणाऱ्या गृहस्थांचे कौतुक करतात. पन्नासाचे चाळीस झाले, तीस झाले, या दिवाळीला अकरा उरले.

आणि पेटी बिघडू लागली. झाकण तेच, पुडी नवी, तरी काटा दुपारी ५८ आणि पावसाच्या रात्री ७२. बरेच शोधल्यावर कारण कळले. भरलेल्या पेटीत ओल मुख्यतः हवेत नसते, चिरुटांच्या अंगात असते. झाकण उघडले की हवा बदलते, पण पन्नास चिरूट थोडी थोडी ओल सोडून ती लगेच पूर्वपदावर आणतात. अकरा चिरुटांकडून ते होत नाही. लाकडाचा वाटा असतो, पुडीचा असतो. पण चिरूट मुख्यतः एकमेकांना सांभाळतात. जितके कमी उरतात तितके उरलेल्यांना जपणे अवघड.

हे मी आत्याला सांगितले तेव्हा ती भाजी चिरत होती. आमच्या या रस्त्यावर तिच्या लहानपणी किती मराठी घरे होती ते तिने मोजायला घेतले आणि मध्येच सोडून दिले. व्यंकोजीराजांच्या काळापासून, साडेतीनशे वर्षे इथे बोलली जाणारी आमची मराठी आता तिला बोलायला दिवसातून दोनच माणसे मिळतात, अप्पा आणि मी. “शब्द आठवतच नाहीत आताशा,” ती म्हणाली. “कुणी बोलले की आठवतात.”

पेटीवर उपाय आहेत. मोकळ्या जागेत तुणीचे तुकडे भरता येतात, लहान पेटी करता येते. सुताराने मापही घेतले होते. अप्पांना तो विचार पटला नाही. “पेटी लहान कशाला करायची? उरैयूरला जा. त्याच्या हातचे नसतील. कुणाच्या तरी हातचे असतीलच.”

गेल्या आठवड्यात जाऊन आले. एका अरुंद गल्लीत दोन बायका पाटावर चिरूट वळत होत्या. पान पसरून, आत चुरा धरून, तळव्याखाली फिरवत. त्यांचा चिरूट जरा जाड आहे आणि वासाला गोडसर. जुन्या अकरांशेजारी ठेवला तर दोघांचे वास एकमेकांत मिसळतील, हे अप्पांना सांगून झाले आहे. त्यांची हरकत नाही.

पंचवीसची जुडी आहे. आज तिचा फ्रीझरमधला दुसरा दिवस. आत्याने दही खालच्या कप्प्यात हलवले आहे.