सेव्हिलचा गिराल्दा

स्पेनच्या दक्षिणेला सेव्हिल शहर आहे. इथले गॉथिक कॅथेड्रल जगातल्या सर्वांत मोठ्या चर्चपैकी एक. त्याच्या घंटाघराला ‘गिराल्दा’ म्हणतात. उन्हाळी सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन ते पाहून आलो.

हे घंटाघर मुळात मिनार आहे. अहमद इब्न बासो या वास्तुविशारदाने ११८४ मध्ये त्याचे काम सुरू केले आणि ११९८ मध्ये ते पुरे झाले. १२४८ मध्ये राजा तिसरा फर्नांदो याने शहर जिंकले, जामा मस्जिदीचे चर्च झाले. १४०१ मध्ये नवे कॅथेड्रल बांधायचे ठरले आणि मस्जिद पाडण्यात आली. मिनार आणि सहन मात्र राखले. माथ्यावरचे तांब्याचे गोळे १३५६ च्या भूकंपात पडले होते. तिथे सोळाव्या शतकात घंटांचा मजला चढला. त्याच्यावर वाऱ्याबरोबर फिरणारा ब्राँझचा पुतळा आहे. या फिरण्यावरूनच ‘गिराल्दा’ नाव पडले.

आत पायऱ्या नाहीत, ३५ उतरणी आहेत. मुअज्जिनला घोड्यावर बसून वर जाता यावे म्हणून, असे सांगतात. प्रत्येक वळणावर आकडा लिहिलेला. मुले आकडे मोजत पुढे पळाली, आम्ही खिडक्यांशी दम खात चढलो. अगदी शेवटी तेवढ्या थोड्या पायऱ्या लागतात.

वर डोक्यावर मोठमोठ्या घंटा, खाली संत्र्याच्या झाडांचा चौक. तेच जुने सहन. धाकटीने विचारले, “इथे अजान व्हायची, मग हे आता आपलं का नाही?” आम्ही दोघेही गप्प राहिलो. मस्जिद गेल्याचे दुःख आम्हालाही होतेच.

खाली उतरल्यावर बाहेरून पायथा पाहिला. मिनार विटांचा, पण पायथ्याला दगड आहेत आणि त्यांतल्या काहींवर लॅटिन अक्षरे कोरलेली. मिनार बांधणाऱ्यांनी रोमन काळातल्या इमारतींचे दगड वापरले होते. आम्ही धाकटीला ती अक्षरे बोटाने दाखवली. ती म्हणाली, “म्हणजे आपल्या आधीही कुणीतरी होतं.” आम्ही होकार दिला.

सेव्हिलला गेलात तर कॅथेड्रलच्या तिकिटातच गिराल्दा पाहता येतो. उतरल्यावर संत्र्यांच्या चौकात थोडे बसा. एका झाडाकडून दुसऱ्याकडे पाणी नेणारे विटांचे पाट तिथे दिसतील.