पदवी हातात, कचरा काठावर

मिरजेहून कोल्हापूर रेल्वेने तासाभराच्या अंतरावर. थंडीचे दिवस होते. जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी ही स्टेशने मागे पडली, पंचगंगेचा पूल आला आणि तोडणीला आलेल्या उसातून गाडी कोल्हापूरकडे निघाली. आम्ही दोघे नवरा-बायको आपाच्या घरी चाललो होतो. भाच्याला शिवाजी विद्यापीठाची पदवी मिळणार होती. दुल्हेभाई गॅरेजात काम करतात, आपा घरी बसून शिवणकाम करतात. त्या घरातला हा पहिलाच पदवीधर. त्यामुळे आमच्याही पोटात आनंद मावत नव्हता.

स्टेशनवरून घरी जाण्याआधी दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंगसमोर थोडे थांबलो. कोल्हापुरात आलो की ही आमची सवय आहे. मुस्लिम समाजात शिक्षण रुजावे म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली इथे मोहमेडन एज्युकेशन सोसायटी सुरू केली आणि तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा निर्णयही त्यांचाच. गरिबाघरच्या मुलाने शहरात येऊन राहावे, जेवावे आणि शिकावे म्हणून या गावात वसतिगृहांची रांगच उभी राहिली. आमच्या भाच्याच्या पदवीत त्याची मेहनत आहे, आई-वडिलांचा घाम आहे, तसा या चौकाचाही वाटा आहे. तालीम ही एकट्याची कमाई नसते. ती अमानत असते.

विद्यापीठात गर्दी उसळली होती. १९६२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतली मुले-मुली पदवी घ्यायला येतात. शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यासमोर फोटोसाठी जागा मिळत नव्हती. नऊवारी नेसलेल्या आजी, फेटा बांधलेले आजोबा, बुरख्यातल्या अम्मी, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणि हातात मोबाईल. दुल्हेभाईंनी कागदाला हात लावण्याआधी रुमालाने बोटे पुसली. गॅरेजातला काळा रंग नखांतून जात नाही, म्हणून.

संध्याकाळी भाच्याच्या मित्रांनी रंकाळ्यावर केक कापायचे ठरवले होते. आम्हालाही बोलावले. रंकाळा हा कोल्हापूरकरांचा जीव. इथे पूर्वी दगडाची खाण होती आणि पुढे तिचा तलाव झाला, असे जुने लोक सांगतात. पाण्यात संध्यामठ, पलीकडच्या काठावर झाडांत शालिनी पॅलेस आणि अलीकडे चौपाटी. सूर्य मावळायला लागला की सारे पाणी तांबूस होते. नवीन सून, तान्हे बाळ, परगावचा पाहुणा, सगळ्यांना आधी इथे आणायचे, ही इथली रीत.

मुले पंधरा-वीस होती. कट्ट्यावर केक ठेवला, मेणबत्त्या लावल्या. कुणी फेसाचा स्प्रे मारला, कुणी पॉपर फोडले. सोनेरी-चंदेरी चमकी हवेत उडाली आणि सगळ्यांच्या अंगावर पडली. आम्ही टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. मुमानीने तर भाच्याच्या केसांतली चमकी काढून त्याच्याच मित्राच्या डोक्यावर टाकली. मग्रिबची अजान झाली तसे आम्ही उठलो. मुले मागे राहिली.

नमाज झाल्यावर आम्ही गंगावेशीत दूध प्यायला गेलो. कोल्हापूरला जाऊन दूध कट्ट्यावर गेलो नाही, तर जीवाला रुखरुख लागते. म्हशी उभ्या असतात, गवळी समोर धार काढतो आणि फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतो. उभ्यानेच प्यायचे, ग्लास परत करायचा. तो विसळला जातो आणि पुढच्याच्या हातात जातो. तिथे शंभर माणसे पिऊन गेली तरी मागे एक कागद राहत नाही. त्या वेळी मात्र हे आमच्या ध्यानात आले नाही. आम्ही दुधाच्या चवीतच होतो.

आपाचे घर रंकाळ्यापासून चालत दहा मिनिटांवर. दुसऱ्या दिवशी फजर पढून आम्ही दोघे फिरायला निघालो. पाण्यावर धुके होते. बगळे काठाला उभे होते. चौपाटीवर येताच काल जिथे केक कापला ती जागा दिसली आणि पाय थबकले.

केकचे खोके, थर्माकोलच्या ताटल्या, कागदी कप, पाण्याच्या अर्धवट बाटल्या, फुटलेले फुगे. कुत्र्यांनी खोके ओढत पायऱ्यांपर्यंत नेले होते. दगडांच्या फटींत, गवतात आणि पाण्याच्या कडेला चमकीच चमकी. सफाई करणाऱ्या एक मावशी खराटा घेऊन वाकल्या होत्या. आम्ही बघत उभे राहिलो, तर त्या म्हणाल्या, "बाकीचं निघतंय वं, पर ही चमकी लई वंगाळ. खराट्याला येत न्हाई, हातानं एक एक येचाय लागती. वारं आलं की समदी पाण्यात."

आम्ही खाली वाकलो. खोक्याच्या झाकणावर दुकानदाराने ऑर्डर ओळखू यावी म्हणून पेनाने नाव लिहिले होते. ते आमच्या भाच्याचे होते. काल जे नाव पदवीच्या कागदावर वाचून आम्ही माशाअल्लाह म्हटले होते, तेच नाव चिखलात पडले होते.

मावशींना सांगावे की न सांगावे, असे झाले. शेवटी सांगितले की हा कचरा आमच्या घरचा आहे. त्या रागावल्या नाहीत. नुसते म्हणाल्या, "माझी पोरगी बी यंदा बारावीला हाय. उद्या पास झाली, की ती बी हितंच येणार फुटू काढाय." एवढे बोलून पुन्हा खराटा चालू. त्या रागावल्या असत्या तर आम्हाला बरे वाटले असते.

परतताना आम्ही दोघे गप्प होतो. चूक फक्त मुलांची होती काय? टाळ्या आम्हीच वाजवल्या होत्या. निघताना 'जागा साफ करून या रे' असे एक वाक्य आमच्या तोंडून निघाले नव्हते. आणि खरे सांगायचे तर बाशी ईदला बिर्याणीची देगची घेऊन सहलीला जातो, तेव्हा आम्ही तरी काय करतो? खाऊन झाले की ताटल्या झाडाखाली सारून चटई झटकतो. सामान आवरतो, जागा आवरत नाही.

दिवसातून पाच वेळा वजू करणारे लोक आपण. नमाजेची जागा पाक हवी म्हणून मुसल्ला दोनदा झटकतो. सारी जमीन या उम्मतसाठी सजदागाह केली आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे ही ईमानचीच एक शाखा, हेही मुलांना पाठ करून घेतो. मग घराच्या उंबऱ्याबाहेर पाऊल पडले की ही शिकवण कुठे जाते? सार्वजनिक जागा सर्वांची, म्हणजे तिथे प्रत्येकाचा हक्क आहे. तिथे घाण करणे म्हणजे अनोळखी शेकडो लोकांचा हक्क मारणे. आणि बंद्यांचे हक्क ज्यांचे त्यांनीच माफ करायचे असतात. त्या शेकडो लोकांना आपण कुठे शोधणार?

नाश्त्याला विषय काढावा की नाही, यावर आम्हा दोघांतही एकमत नव्हते. शेवटी काढला. आपा नाराज झाल्या. "आजच्या दिवशी तरी पोराला बोलू नका," म्हणाल्या. भाचा म्हणाला, "मामू, सगळेच टाकतात. आणि झाडायला माणसं असतात ना."

दुल्हेभाई तोवर काही बोलले नव्हते. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "असतात. मीपण त्यातलाच आहे. दुसऱ्याच्या गाडीखाली झोपून सांडलेलं तेल पुसतो. तू शिकलास ते पुसणाऱ्याला विसरायला नाही, बेटा."

घरात कुणीच काही बोलले नाही. भाचा उठून आत गेला. वाटले, रुसला. पण तो मित्रांना फोन करत होता. काल पंधरा-वीस होते, आज चार आले. पोती घेऊन गेले. मावशींनी निम्मे आवरलेच होते. उरलेले उचलायला त्या पाच जणांना दीड तास लागला आणि त्यातला एक तास नुसत्या चमकीत गेला. तरी सगळी निघाली नाही.

ती का निघत नाही, हे मुलांनीच आम्हाला समजावले. त्यांतला एक रसायनशास्त्राचा पदवीधर होता. ही चमकी दिसायला कागद, पण असते प्लास्टिकची पातळ फिल्म, वर अॅल्युमिनियमचा थर. ती कुजत नाही, फक्त बारीक होत जाते. चहाचा कागदी कपही नुसता कागदाचा नसतो, पाणी झिरपू नये म्हणून आतून प्लास्टिकचे अस्तर असते. थर्माकोलच्या ताटल्यांवर तर महाराष्ट्रात २०१८ पासूनच बंदी आहे, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या बऱ्याच प्लास्टिक वस्तू देशभर बंद झाल्या. फुग्याच्या प्लास्टिकच्या काड्याही त्यात आल्या. २०१६ च्या घनकचरा नियमांत तर शंभरांहून जास्त लोकांचा कार्यक्रम असेल, तर कामकाजाचे तीन दिवस आधी पालिकेला कळवायचे आणि कचरा वेगळा करून द्यायचा, असे लिहिले होते. मुलगा हे सांगत होता आणि स्वतःच हसला. म्हणाला, "परीक्षेत आलं असतं तर पैकीच्या पैकी मिळाले असते."

या मुलांना हात घाण करायची लाज वाटते, असेही नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुराने शहर वेढले, तेव्हा याच वयाच्या पोरांनी अनोळखी लोकांच्या घरांतला गुडघाभर चिखल उपसला. जात, मजहब कुणी विचारला नाही. संकटात जे हात पुढे येतात, ते आनंदात मागे का राहतात, एवढाच आमचा सवाल आहे. पूर ओसरल्यावर नदीकाठच्या झाडांना प्लास्टिक लटकलेले सगळ्यांनी पाहिले. आपण टाकलेले पाणी घेऊन जाते, आणि एक दिवस परत आणून देते.

पन्हाळ्याला जायचे आधीच ठरले होते. तिसऱ्या दिवशी सगळे निघालो. शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडली, केर्ली मागे पडली आणि वाघबीळपासून घाट चढू लागलो. शिलाहार राजा दुसरा भोज याने उभारलेला हा किल्ला पुढे आदिलशाहीत गेला, मग स्वराज्यात आला. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज इथूनच विशाळगडाकडे निघाले. तीन दरवाजाची कमान, तीन मजली अंधार बाव, धान्याचे प्रचंड अंबरखाने आणि सादोबांचा दर्गा. किती राजवटींचे हात या दगडांना लागले आहेत! जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात पन्हाळा आहे.

आणि तीन दरवाजाच्या आतल्या कोनाड्यात, जिथे कधी पहारेकरी बसले असतील, तिथे केकचे खोके कोंबलेले होते. बाजूला तीच सोनेरी चमकी. नाव वाचायला आम्ही गेलो नाही. कुणाच्या तरी घरचे असणारच.

या वेळी आपांनी घरातून स्टीलची ताटे घेतली होती. सादोबाच्या तळ्याजवळ झाडाखाली जेवलो. खरकटे डब्यात भरले, ताटे पिशवीत गेली. भाचा काही न बोलता पोते घेऊन तीन दरवाजाकडे गेला आणि कोनाडा रिकामा करून आला. फोटो काढला नाही, याचे आम्हाला विशेष वाटले. पोते आम्ही गाडीतून खाली आणले आणि घराजवळच्या घंटागाडीत दिले. आपा अजून आमच्याशी थोड्या तुटकच बोलत होत्या. पण पोत्याचे तोंड त्यांनीच बांधले.

वाचकहो, निकाल लागतील, पदव्या मिळतील, घरोघरी पेढे वाटले जातील. मुलांना आनंद करू द्या, टाळ्याही वाजवा. फक्त निघताना चार गोष्टी पाहा. चमकी आणि फेसाचे स्प्रे नेऊ नका. ताटे, पेले घरचे न्या. एक रिकामे पोते आधीच सोबत ठेवा. आणि सगळ्यात शेवटी जागेवरून आपण मोठ्यांनी उठावे, मुलांनी नाही. मुले आपल्या सांगण्यावरून शिकत नाहीत, आपण मागे वळून पाहतो की नाही, ते बघून शिकतात.

आम्ही मिरजेला परतलो त्या दिवशी दुल्हेभाईंनी पदवी फ्रेम करायला टाकली. ती आता आपांच्या बैठकीत, शिलाई मशीनच्या वर भिंतीवर लागली आहे. नाव मोठ्या अक्षरांत, लांबूनही वाचता येते. अल्लाह करो, यापुढे ते नाव तिथेच वाचायला मिळो.