आधी वास येतो

अरवलीच्या डोंगरात पाणी दिसण्याआधी त्याचा वास येतो. हे सांगून कळत नाही, त्यासाठी चालावं लागतं. आमेरच्या मागच्या अंगानं, जयगडाचा तट डोक्यावर ठेवून, धोक नावाच्या झाडांच्या निष्पर्ण रानातून वाट काढत राहावं; घशाला कोरड पडावी, कपाळावरचा घाम वाऱ्यानंच वाळून खारट व्हावा, आणि मग एखाद्या वळणावर वारा अचानक वेगळा लागावा. त्यात थोडं शेवाळ असतं, थोडा चिखल, भिजलेल्या दगडाचा गारवा, कुजत आलेल्या पानांचा किंचित गोडसर दर्प. पाय आपोआप भराभर पडू लागतात. अजून काहीच दिसलेलं नसतं, तरी जिवाला कळलेलं असतं. नंतर केव्हातरी खाली, डोंगरांच्या ओंजळीत, सागर दिसतो.

सागर हे त्या तळ्याचं नाव. डोंगरात एवढंसं पाणी आणि त्याला सागर म्हणायचं! पण ज्यांनी म्हटलं, त्यांच्या तहानेच्या मानानं ते खरंच असणार.

मी वाईकडची. आमच्याकडे पाणी मागावं लागत नसे, ते अंगावरच येई. जूनमध्ये एकदा ढग उतरले की पसरणीचा घाट, पाचगणीची पठारं, घराच्या भिंती, वाळत घातलेले कपडे, देवघरातल्या वाती, सगळ्यालाच ओल चढे, आणि त्या ओलीत पाण्याचा असा निराळा वास नाकाला कुठून कळणार? वेण्णा तलावावर शाळेच्या सहलीत आम्ही नावेत बसलो होतो. मला त्या दिवसातलं भाजलेलं कणीस आठवतं, मैत्रिणीचा हात आठवतो, धुकं आठवतं. तळं आठवत नाही. राजमाचीच्या उदयसागराकाठी झोपले आहे, हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या पाण्यातून पिंडीला प्रदक्षिणा घालताना दातांवर दात वाजले आहेत. त्या पाण्यावर प्रेम होतं, नाही असं नाही. पण ते माहेरच्या माणसांवर असतं तसं, गृहीत धरलेलं.

पाण्याकडे पाहायला मी जयपुरात शिकले, आणि शिकवलं अण्णांनी.

अण्णा म्हणजे यांचे काका. आमचं सासरचं घर ब्रह्मपुरीत, गढगणेशाच्या डोंगराच्या पायथ्याशी. सवाई जयसिंगांनी 1727 मध्ये हे नवं शहर वसवलं, त्यांचे गुरू रत्नाकर पुंडरीक हे महाराष्ट्री ब्राह्मण. त्यांची चित्रांनी भरलेली हवेली याच वस्तीत आहे. त्या हवेलीवरून जाताना अण्णा रोज मान लववत. रोज. घाई असली तरीही. त्यांच्या मराठीत हिंदी मिसळलेलं होतं, ढूंढाडीही, आणि तरी आषाढीला ते साबुदाणा भिजला की नाही हे स्वतः पाहत. पहाटे डोंगर चढायचा हा त्यांचा नेम. कधी गढगणेशाच्या पायऱ्या, कधी नाहरगडाची मागची पायवाट, आणि थंडीच्या दिवसांत डबा बांधून थेट सागरापर्यंत. नवी नवरी म्हणून घरात बावरून बसलेल्या मला एका सकाळी ते म्हणाले, "सूनबाई, बूट आहेत का? चल."

जयगडाच्या उतारावर त्यांनी मला पहिल्यांदा ते पाट दाखवले. दगड-चुन्याचे अरुंद पाट, डोंगराच्या अंगाअंगानं गेलेले, काही ठिकाणी ढासळलेले, काही ठिकाणी अजून शाबूत. पावसाचं पाणी असं दूरदूरच्या उतारांवरून गोळा करून गडावरच्या टाक्यांत नेलेलं. त्यांतल्या सर्वांत मोठ्या टाक्यात साठ लाख गॅलन पाणी मावतं म्हणतात. वाटेत मधूनमधून खड्डे, गाळ तिथं खाली बसावा आणि निवळ पाणी पुढं जावं म्हणून. आणि पाऊस रुसलाच, तर सागराचं पाणी पखालींत भरून हत्तींच्या पाठीवरून गडावर चढवत, असं जुनी माणसं सांगतात. मी हे सगळं ऐकत होते, मान हलवत होते, पण मनात काही हललं नव्हतं. ते हललं आषाढात.

दिवस भरून आलेला होता. आम्ही त्या पाटाशीच उभे होतो आणि सर आली. मोठे, सुटे, जड थेंब. तापलेल्या दगडावर पडत आणि लगेच नाहीसे होत. मग अंग भिजलं, झाडं भिजली, आणि अण्णा म्हणाले, "रुक जरा. आता बघ." मी खाली वाकले. कोरड्या पाटातून पाण्याची पहिली जीभ येत होती. तांबूस, फेसाळ, पुढच्या टोकावर धोकाची सुकलेली पानं, एक काडी, त्या काडीवर जीव मुठीत धरून बसलेल्या मुंग्या, बकरीच्या लेंड्या. ती जीभ मध्येच थबके, एखाद्या खड्ड्यात उतरून तो भरेपर्यंत वाट पाही, आणि काठोकाठ झाली की पुन्हा पुढं सरके. मी तिच्याबरोबर चालू लागले. भिजत, घसरत, हसत. किती वेळ गेला कोण जाणे. वर्षभराची धूळ धुऊन आणणाऱ्या त्या गढूळ पाण्याला जो वास होता, तो माझ्या आयुष्यातला पाण्याचा पहिला वास.

त्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत करडा-तपकिरी डोंगर हिरवा होतो. धोकाला पालवी फुटते, मोर दिवसभर ओरडत राहतात, आणि सागराच्या काठी जयपूरची पोरंठोरं, छत्र्या, वडीलधारी, कचोऱ्यांचे पुडे अशी जत्रा भरते. मला ती गर्दी आवडते. पाणी बघायला माणसं डोंगर ओलांडून येतात, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

मानसागराबद्दल मात्र थोडक्यातच लिहिते. जलमहालाचं ते तळं, आमेरच्या वाटेवरचं. चार मजले पाण्यात आणि एक वर, असा तो राजवाडा सगळ्यांनी चित्रात पाहिलेला असतो. ब्रह्मपुरीचा आणि नागतलाईचा नाला शहराचं सांडपाणी वर्षानुवर्षं त्याच तळ्यात नेत होता, आणि तिथून जाताना लोक नाकाला पदर लावत. या शतकाच्या सुरुवातीला त्याची साफसफाई झाली, आता हिवाळ्यात बदकं उतरतात. तरी तिथं उभी राहिले की आमच्याच घराची मोरी आठवते, आणि मला फार वेळ थांबवत नाही.

रणथंबोरला आम्ही ऐन मे महिन्यात गेलो. सगळ्यांनी वेड्यात काढलं. पण अण्णांचं म्हणणं असं की डोंगरातलं तळं भरलेलं बघायचं असेल तर श्रावणात जावं, आणि तळं म्हणजे काय ते बघायचं असेल तर मे महिन्यात. सवाई माधोपूरला उतरलो तेव्हाच लू सुरू झाली होती. जयपूरच्या राजांचं हे शिकारीचं रान. 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्पात आलं, 1980 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. वर तो प्रचंड किल्ला, त्यावर त्रिनेत्र गणेश, ज्याला देशभरातून लग्नाच्या पत्रिका टपालानं येतात. आमचीही गेली होती, हे मला तिथं पायऱ्या चढताना कळलं. अण्णांनीच धाडली होती, न सांगता. आणि किल्ल्याच्या खाली, डोंगरांच्या मध्ये, तीन तळी: पद्म तलाव, राजबाग, मलिक तलाव.

दुपारची जिप्सी. तोंडाला ओढण्या, तापलेल्या लोखंडी दांड्याला हात लावण्याची सोय नाही. एक टकाचोर बिनधास्त येऊन त्याच दांड्यावर बसला, इतका जवळ की त्याच्या गळ्याची धडधड दिसत होती; चोच उघडी, उन्हानं तोही धापा टाकत होता. राजबागचं पाणी आटून मध्याकडे गेलेलं, काठाला भेगाळलेला चिखल. पण वास! उघड्या गाळाचा, पाणवनस्पतींचा, जनावरांच्या ओल्या अंगांचा असा दाट वास होता, की डोळे मिटले असते तरी मी सांगितलं असतं, इथं सगळं रान गोळा झालंय. सांबरं पोटापर्यंत पाण्यात उभी राहून शेवाळ खात होती. त्यांच्या पाठीवर बगळे. दूर एक मगर, लाकडाचा ओंडका असावा तशी.

मग सांबरं एकदम थांबली. एकीनं पाय आपटला, कर्कश आवाज काढला, आणि पाणी उडवत सगळी पलीकडे गेली. गवतातून वाघीण आली. कुणाकडेही न बघता काठाशी आली, पुढचे पाय दुमडले आणि पिऊ लागली. आमच्या वाटाड्यानं हळूच सांगितलं, हीसुद्धा मछलीच्याच खानदानातली. मछली 2016 मध्ये गेली. याच तळ्यांची राणी म्हणून जगभर ओळखली गेलेली, मगरीशी झुंजलेली. मी मान हलवली असेन, पण माझं लक्ष कानांत होतं. लप्, लप्, लप्. पाण्यावरून तो आवाज स्पष्ट येत होता. संथ, एका लयीत, न संपणारा. तिच्या तहानेला किती वेळ लागला! कॅमेरे आधी कडकडले आणि मग तेही थांबले. अण्णांनी हात जोडलेले मी पाहिले. वाघिणीला की पाण्याला, ते मी कधी विचारलं नाही.

अण्णा शेवटपर्यंत एका तळ्याबद्दल बोलत. रामगढ. बाणगंगेवर, डोंगरांच्या खिंडीत महाराजा माधोसिंगांनी बांधलेलं. जयपूर कितीतरी वर्षं त्याच पाण्यावर जगलं. 1982 च्या आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या शर्यती तिथं झाल्या. अण्णा काठावर होते. त्यांनी वल्ह्यांचा आवाज ऐकला होता, सगळी वल्ही एकदम पाण्यात शिरतात तेव्हाचा, आणि तो ते तोंडानं काढून दाखवत. पुढं पाणलोटात ठिकठिकाणी बांध पडले, अतिक्रमणं झाली, बाणगंगा वाटेतच अडली, आणि तळं कोरडं पडलं. आता आमच्या नळाला बीसलपूरचं पाणी येतं, बनासचं, लांबून.

एकदा त्यांना घेऊन गेले होते. पात्रात विलायती बाभूळ माजलेली, शेळ्या चरत होत्या. अण्णा बांधावर उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला, पुन्हा घेतला. नुसती धूळ होती. "सूनबाई, काहीच येत नाही गं," ते म्हणाले. त्या आवाजाचं मी काय करू? अजून कळलेलं नाही.

जयपुरात चांगला पाऊस झाला की लोक एकमेकांना विचारतात, रामगढला पाणी आलं का. मीही विचारते. आमचा दूधवाला तिकडचाच. परवाच्या पावसानंतर तो म्हणाला, "थोडो-सो आयो छै, बाईजी," आणि हात गुडघ्यापाशी नेऊन दाखवला. तेवढ्यानं बांध भरत नाही, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही. लेक मात्र आतून ओरडली, "आई, मग आपण कधी जायचं?" रविवारी निघतोय. तिच्यासाठी जुने बूट काढून ठेवलेत. चिखल असेल तर बरंच आहे.