आगीची रंगीत तालीम

सरकारी कारकुनाच्या आयुष्यात तालमीला स्थान नाही. येथे पहिलाच प्रयोग खरा असतो. टिपणी खरी, तारीख खरी, आणि चूक झालीच तर तिचा जाबही खरा. नाटकवेड्या प्रांतातून आलेल्या माणसाला ही उणीव अधूनमधून जाणवते. म्हणूनच वर्षाकाठी एकदा आमच्या कचेरीत आगीची रंगीत तालीम होते, तेव्हा मला मनातून थोडा आनंदच होतो. पात्रे तीच, नेपथ्य तेच. आग तेवढी काल्पनिक!

मानेसर हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी रस्त्यावरच्या पाटीवरच वाचले असेल. दिल्लीहून जयपूरकडे निघाले की गुरुग्रामच्या पुढे अरवलीच्या उघड्या टेकड्या आणि कारखान्यांच्या लांबलचक भिंती लागतात, तेच हे गाव. तालीम या शब्दाला येथे मोठा मान आहे. राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या कमांडोंचा सराव येथेच चालतो. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला तेव्हा हेच कमांडो तिकडे धावून गेले होते. अशा शेजाऱ्यांच्या सावलीत आम्ही कारकून मंडळी वर्षातून एक दिवस जिना उतरण्याचा सराव करतो.

हा दिवस येतो एप्रिलमध्ये, अग्निशमन सप्ताहात. सप्ताहाची सुरुवात १४ तारखेला होते, याचे कारणही आपल्या मुंबईतच आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी कापूस आणि दारूगोळा एकाच पोटात घेऊन आलेले ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज व्हिक्टोरिया गोदीत पेटले आणि दुपारी चारच्या सुमारास फुटले. ते विझवण्यासाठी झटणारे अग्निशमन दलाचे ६६ जण त्यात कामी आले. १४ तारखेस आंबेडकर जयंतीची सुट्टी असते. तेव्हा आमची आग पुढच्या एखाद्या कामाच्या दिवशी, सोयीने लागते.

यंदा घंटा वाजली ती अकराच्या सुमारास. उठावे कसे, हेच प्रथम कोणाला सुचेना. एकाने फाइलीची फीत बांधली, दुसऱ्याने डबा उचलला, तिसऱ्याने साहेब उठले की नाही ते डोकावून पाहिले. उद्‌वाहन बंद ठेवले होते. जिन्यात थोडी थट्टा, थोडी रेटारेटी झाली आणि चार मिनिटांत आम्ही हिरव्या पाटीखाली उन्हात येऊन उभे राहिलो. हरियाणवी वळणाच्या हिंदीत अग्निशमन अधिकारी समजावू लागले: माणूस ज्वाळेने मरण्याआधी धुराने मरतो, म्हणून धुरात वाकून चालावे, नळीचे तोंड ज्वाळेच्या शेंड्याकडे न धरता बुडाशी धरावे. लोखंडी परातीत डिझेल पेटवून त्यांनी ते करूनही दाखवले. मग हजेरी झाली.

एरवी हजेरी म्हणजे उशिरा येणाऱ्याला पकडण्याचा सापळा. त्या दिवशी मात्र तीच यादी निराळ्या स्वरात वाचली जात होती. नाव पुकारल्यावर क्षणभर उत्तर आले नाही, की वाचणाऱ्याची मान वर होई आणि डोळे शोधू लागत. घरापासून दीड हजार किलोमीटरांवर आपले नाव कोणीतरी अशा काळजीने घेते आहे, हे ऐकून मला बरे वाटले. बासष्ट नावे, बासष्ट माणसे. हिशेब चोख जमला, टाळ्याही झाल्या.

इतक्यात जिन्यावरून चाचा उतरले. हातात चहाचा ट्रे, कपाळावर घाम. दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत, गॅसच्या शेगडीशेजारी ते इतका वेळ आमच्यासाठी आले कुटत बसले होते. घंटा त्यांनी ऐकली होती. पण ती कचेरीच्या लोकांसाठी असेल, असे त्यांना वाटले. “बाबूजी, चाय ठंडी हो रही थी,” ते म्हणाले. सगळे हसले आणि कप उचलले गेले.

चाचा कंत्राटदाराचे नोकर. झाडणारी मंडळी आणि दारावरचे पहारेकरीही त्याचेच. कचेरीच्या यादीत त्यांची नावे नसतात. म्हणून वर एक माणूस राहिलेला असतानाही आमचा हिशेब बिनचूक होता!

माझ्या मनात पुन्हा ती गोदी आली. अग्निशमन दलाचे सहासष्ट जण दलाच्या पटावर होते, म्हणून सहासष्ट हा आकडा आज ठामपणे सांगता येतो. पण त्या दुपारी गोदीत आणि भोवतालच्या वस्तीत एकूण किती माणसे गेली, ते कोणालाच नेमके सांगता येत नाही. कोणी आठशे म्हणतात, कोणी तेराशे. पाचशे जीवांचे हे अंतर काही गणिताच्या चुकीने पडलेले नाही. ज्यांची नावे आधी कोठे लिहिलेलीच नव्हती, ती माणसे त्या अंतरात हरवली आहेत.

तालमीचा अहवाल माझ्याकडे आला. ‘सर्व कर्मचारी सुखरूप बाहेर, संख्या बरोबर’ हे ठराविक वाक्य मी लिहिले आणि त्याखाली आणखी एक परिच्छेद जोडला: कंत्राटी माणसांची नावे रोज सकाळी यादीत चढवावीत आणि घंटेचा अर्थ त्यांनाही सांगावा. फाइल परत आली ती ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन. या दोन शब्दांची गती आपणांस ठाऊक आहेच.

चर्चा होईल तेव्हा होवो. तोवर माझ्या खणात एक कागद आहे. त्यावर पेन्सिलीने अकरा नावे लिहिली आहेत. ती विचारायला मला एक दुपार लागली. चाचांचे नाव रामसेवक आहे, हे चार वर्षे त्यांच्या हातचा चहा पिऊनही आमच्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हते.