लिपीचें नांव लिहावें

एकच श्लोक काश्मीरच्या पोथींत शारदा लिपींत, तमिळ देशांतील पोथींत ग्रंथ लिपींत, तर आपल्याकडे बाळबोधींत लिहिलेला आढळतो. लिपी जाणणारास ती पाहतांच ओळखूं येते. संगणकाच्या पोटांत मात्र निव्वळ अंक असतात. कोणता अंक म्हणजे कोणतें अक्षर, हें सारणीवरून ठरतें. सारणी चुकली कीं अक्षर गेलें.

आमचा नातू घराण्यांतील सात पिढ्यांचीं नांवें पायथन या संगणकभाषेंतील प्रोग्राममध्यें लिहीत आहे. त्यामुळें हा विषय आम्हांस जिव्हाळ्याचा झाला. यूटीएफ-८ या सर्वत्र मान्य पद्धतींत 'क' हें अक्षर २२४, १६४, १४९ अशा ३ अंकांनीं लिहितात. पश्चिम युरोपीय भाषांकरितां असलेल्या विंडोजच्या १२५२ क्रमांकाच्या सारणीनें तेच अंक वाचल्यास डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', चलनाचें चिन्ह व एक ठिपका उमटतो. पणजोबा क्षणांत परके होतात!

प्रोग्राम कोणत्या सारणीनें वाचावा, हें त्याच्या पहिल्या किंवा दुसऱ्या ओळींत लिहिण्याची सोय पायथनमध्यें २००३ सालच्या २.३ या आवृत्तींत आली. ही सोय उत्तम होय. परंतु तेथें 'एमबीसीएस' असेंही नांव लिहितां येतें. त्याचा अर्थ, 'या विंडोज यंत्राची जी सारणी असेल ती.' हें नांव लिनक्सला ठाऊकच नाहीं. तेथें प्रोग्राम सुरूच होत नाहीं. विंडोजवरही ग्रीक यंत्राची सारणी निराळी, रशियन यंत्राची निराळी. 'तो आला' असें लिहावें व 'तो' कोण हें कोठेंच सांगूं नये, त्यांतलाच हा प्रकार. शिवाय विंडोजच्या या जुन्या यंत्रसारण्यांत देवनागरीस स्थानच नव्हतें.

जुन्या सारण्या समूळ टाकाव्या, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. मोडी दप्तरें आहेत तोंवर मोडी वाचणारे हवेतच. पण मोडी वाचून नवी प्रत बाळबोधींत करावी, तसा जुना मजकूर एकदां ओळखून यूटीएफ-८ मध्यें उतरून घ्यावा. पायथनच्या ३.० आवृत्तीनें २००८ सालीं प्रोग्रामच्या मजकुराकरितां हीच पद्धति गृहीत धरली; जावा भाषेनेंही २०२२ सालीं १८ व्या आवृत्तींत यंत्राची संवय सोडून तीच स्वीकारली.

घरोघरच्या तरुण मंडळींस आमचें सांगणें इतकेंच कीं, लिहिणाराच्या यंत्रावर वाचतां आलें म्हणजे लेखन पुरें झालें असें मानूं नये. नातवंडांच्या हातीं कोणतें यंत्र येईल हें कोणीं सांगावें? नांवें मात्र त्यांस वाचतां आलीं पाहिजेत.