१.६ मिलिमीटरमधले आटे

पीसीबीची, म्हणजे सर्किट बोर्डाची, जाडी सहसा १.६ मिलिमीटर. एम-३ स्क्रूचा पिच ०.५ मिलिमीटर. बोर्डात थेट टॅप फिरवला, तर जेमतेम तीन आटे पडतात, तेही काचेच्या धाग्यांत आणि इपॉक्सीत. स्क्रू थोड्याच वेळा काढला-घातला की त्यांचा भुगा होतो. जे यंत्र दुरुस्तीसाठी पुन्हा पुन्हा उघडावं लागणार, त्याच्या बोर्डात धातूचेच आटे हवेत, असं माझं ठाम मत आहे. एका हाताने बोर्डामागचा सुटा नट चाचपत दुसऱ्याने स्क्रू फिरवायला लावणं हा दुरुस्ती करणाऱ्यावर अन्याय आहे.

पण धातूचे आटे असलेला कुठलाही इन्सर्ट बसवला की झालं, असं नाही. थ्री-डी प्रिंटच्या प्लास्टिकमध्ये सोल्डरिंग आयर्नने तापवून रुतवतात तो पितळी इन्सर्ट इथे निरुपयोगी. इपॉक्सी एकदा पिकली की वितळत नाही, जळते. पत्र्यात दाबून बसवायचा क्लिंच नटही नको. दाबाखाली पत्रा सरकून नटाच्या खाचेत शिरतो. काच-इपॉक्सी सरकत नाही, तडकते. बोर्डाला लागतो ब्रोचिंग नट. त्याच्या बुंध्यावरच्या उभ्या धारदार रेघा भोकाच्या भिंतीत चरे कापत उतरतात, आणि स्क्रू आवळताना नट फिरत नाही तो या चऱ्यांमुळेच.

त्यामुळे सगळी मदार भोकावर. माप नट बनवणाऱ्याच्या तक्त्यातूनच घ्यावं, अंदाजाने कधीच नाही. भोक किंचित सैल असेल तर नट गरगर फिरतो. घट्ट असेल तर बोर्डाचे थर सुटतात आणि भोवती पांढरट डाग उमटतो. ड्रिल कार्बाइडचंच वापरा. साधं एचएसएस ड्रिल काचेवर पाहता पाहता बोथट होतं आणि कडा फाडतं. भोक प्लेटिंगशिवाय ठेवा, कारण आतला तांब्याचा थर जेमतेम २०-२५ मायक्रॉनचा. नटाच्या रेघा तो कापून काढतील. काचेची धूळ फुप्फुसांत जाता कामा नये, तेव्हा मास्क आणि व्हॅक्यूम हवेतच.

बसवायला आर्बर प्रेस उत्तम. घरी ड्रिल मशीनचा प्लग काढून, चकमध्ये सपाट तोंडाची सळई धरूनही काम होतं. व्हाइस फक्त कडेच्या भोकांपुरता. हातोडी नको: धक्क्याने नट तिरका जातो, बोर्ड तडकतो. खाली सपाट पोलादी ठोकळा ठेवून हँडल सावकाश ओढायचं. नटाची कॉलर बोर्डाला टेकली की थांबायचं. नट नेहमी स्क्रूच्या विरुद्ध बाजूने घाला, म्हणजे स्क्रू आवळताना कॉलर बोर्डाकडेच ओढली जाते.

हे सारं सुटे भाग लावण्याआधी उरकायचं. बोर्ड जरासा वाकला तरी सिरॅमिक कपॅसिटरला बारीक तडा जातो. तो डोळ्यांना दिसत नाही, मीटरवरही बऱ्याचदा सापडत नाही. पुढे कधीतरी त्यात ओल शिरून कपॅसिटर शॉर्ट होतो. सोल्डरिंगला बसण्यापूर्वी आट्यांवर कॅप्टॉन टेप तेवढा चिकटवा.